चोर्ला घाटात गाडी ओढत नाही? आधी क्लच बघा

गोव्याहून बेळगावला जाताना चोर्ला घाटात जुनी एसयूव्ही नुसतीच गुरगुरते, पुढे सरकत नाही. इंजिनाचे फेरे वाढूनही वेग वाढत नसेल, जळका वास येत असेल, तर क्लचप्लेट झिजल्याची दाट शक्यता. क्लच घसरला की चाकांना पुरता जोर मिळत नाही, डिझेल फुकट जळते. ६० लिटरच्या टाकीत लिटरला १२ किमीने ७२० किमी होतात. मायलेज १० वर आले की ६००च.

सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडले तर ठीक. चालूच राहिले तर आधी गॅरेज गाठा, मग घाट. चढावर गाडी हाफ क्लचवर धरून ठेवू नका, हँडब्रेक कशाला दिलाय?