‘बेंबळी’ हें नांव कसें लिहावें?

मुलगा बारावीच्या परीक्षेंत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेला असतो. घरांतील वडील मंडळी वैद्यकी कीं अभियांत्रिकी ह्याचा खल करीत बसलेली असतात; आणि नेमका त्याच वेळीं तो खालीं मान घालून सांगतो, “मला ग्राफिक डिझाइन शिकायचें आहे.” आजोबा चष्मा कपाळावर सरकवून विचारतात, “म्हणजे रे काय? पाट्या रंगवायच्या?” काकू समजूत घालतात, “अरे, चित्रें काय, सुटींतही काढतां येतील!” आई कोणाच्याच बाजूनें न बोलतां आंत निघून जाते. असे प्रसंग आतां केवळ पुण्यामुंबईच्या घरांपुरते राहिलेले नाहींत. धाराशिव तालुक्यांतील बेंबळीसारख्या गांवच्या एखाद्या घरांतही असा प्रसंग येऊं शकतो. आणि तेथें तो अधिकच अवघड, कारण ही विद्या शिकण्यासाठीं मुलास किंवा मुलीस घर सोडून दूरच्या शहरीं राहावें लागतें, आणि तो खर्च साऱ्या एकत्र कुटुंबास सोसावा लागतो.

आजोबांचा प्रश्न थट्टेचा असला तरी खोटा नाहीं. पाट्या रंगवायच्या, हें उत्तर पुष्कळ अंशीं बरोबरच आहे. मात्र पाटी रंगविणें म्हणजे काय, ह्याचा आपण कधीं विचार केलेला नसतो.

तो करण्यासाठीं ‘बेंबळी’ हेंच नांव घेऊं. समजा, ह्या गांवच्या विद्यार्थ्यास शाळेंत पहिला प्रकल्प दिला कीं, आपल्या गांवाच्या नांवाची पाटी तयार करून आण. काम पोरकट वाटतें. परंतु तो कागद पुढें घेऊन बसला कीं अडचणी एकामागून एक उभ्या राहतात. पहिल्या ‘ब’च्या डोक्यावर मात्रा आहे आणि मात्रेच्या कुशींत अनुस्वार. शब्दाच्या दुसऱ्या टोकास काना उभा आहे आणि त्याची वेलांटी वळून ‘ळ’च्या डोक्यावर आली आहे. म्हणजे दोन्ही टोकांस शिरोरेषेच्या वर गर्दी आणि मधला ‘ब’ बिचारा उघड्या डोक्याचा! अक्षर लहान केलें कीं अनुस्वार मात्रेस चिकटतो. तो दूर नेला तर पुढच्या अक्षराचा भासूं लागतो. ‘ळ’ची गोष्ट निराळीच. त्यास स्वतःचा दंड नाहीं. दोन वाटोळीं पोटें घेऊन तो शिरोरेषेस लोंबकळतो. त्याच्या अलीकडे ‘ब’चा सरळ दंड आणि पलीकडे काना. हीं सारीं अंतरें फूटपट्टीनें सारखीं ठेवलीं तर डोळ्यांस तीं सारखीं दिसत नाहींत. दोन उभ्या रेघा शेजारीं आल्या तर त्यांस थोडें दूर ठेवावें लागतें. उभ्या रेघेशेजारीं वाटोळा आकार आला तर त्यास जवळ ओढावें लागतें. पट्टी येथें कामास येत नाहीं, डोळाच लागतो. आणि तो तयार व्हावयास महिनेच्या महिने जातात.

सर्वांत फसवा म्हणजे ‘ब’. ‘ब’ आणि ‘व’ ह्यांत भेद काय तो पोटांतल्या एका तिरप्या रेघेचा. पाटी उन्हापावसानें विटूं लागली कीं आधीं ती बारीक रेघ जाते, आणि बेंबळीची ‘वेंवळी’ होते. गांवकऱ्यांस त्याचें कांहीं वाटत नाहीं, कारण त्यांस पाटी वाचावयाची नसतेच. परंतु संध्याकाळच्या अंधुक उजेडांत एस. टी.च्या समोरची पाटी वाचून गाडींत चढणाऱ्या परगांवच्या म्हातारीस ती रेघ महत्त्वाची असते. ती रेघ किती जाड असावी, पोटांतली पोकळी किती मोठी ठेवावी म्हणजे दुरूनही ती भरून आल्यासारखी दिसणार नाहीं, ह्याचा निकाल लावणें हें ह्या विद्येचें खरें काम. चित्र काढणें तिचा एक भाग आहे, सर्वस्व नव्हे.

अक्षरांच्या अशा प्रश्नांस ह्या जिल्ह्यांत नुकताच एक प्रसंगही आला. २०२३ सालीं उस्मानाबाद हें नांव जाऊन जिल्ह्यास अधिकृतपणें धाराशिव हें नांव मिळालें, आणि पाट्या, शिक्के, पत्रांचीं शीर्षकें हीं सारीं नव्यानें लिहिणें आलें. ‘धाराशिव’ लिहितांना ‘श’ आला. आणि ‘श’चें मराठी वळण व हिंदी वळण एक नाहीं. आपण लहानपणीं गिरविलेला देठाचा ‘श’ आणि पाकळीचा ‘ल’ हेच मराठींत वापरावे असें महाराष्ट्र शासनानें २०२२ सालीं ठरवून दिलें आहे. परंतु संगणकांतील पुष्कळशीं वळणें हिंदी वाचकास समोर ठेवून केलेलीं असल्यामुळें, ज्यानें डोळे उघडे ठेवले नाहींत त्याच्या हातून परका ‘श’च पाटीवर चढतो.

आतां हें शिकवितात कसें, तें पाहूं. चांगल्या शाळेंत आरंभ हातापासून होतो. बोरूच्या टोकास तिरपा काप देऊन प्रथम नुसत्या उभ्या, आडव्या व वाटोळ्या रेघा पानेंच्या पानें काढावयाच्या. येथें एक गंमत सांगण्यासारखी आहे. रोमन अक्षरांसाठीं लेखणीचा काप ज्या बाजूस तिरपा धरतात, त्याच्या उलट बाजूस तो देवनागरीसाठीं असतो. त्यामुळें एकाच वाटोळ्या आकारांत रोमन जेथें जाड होतें तेथें देवनागरी बारीक होते. इंग्रजी लेखणीनें मराठी अक्षर काढलें तर तें सुबक असूनही परकें कां दिसतें, ह्याचें कारण हेंच. पुढें काळ्या कागदांतून अक्षर कापावयाचें, आणि अक्षर बाजूस ठेवून उरलेल्या तुकड्यांकडेच पाहावयाचें. कारण अक्षराच्या आंतील पोकळी ही अक्षराइतकीच महत्त्वाची असते. स्त्रीवाचकांस हें समजावून सांगणें नकोच. ठिपक्यांची रांगोळी घालणाऱ्या हातास रेघेबरोबर मोकळ्या जागेचेंही भान असावेंच लागतें.

त्यानंतर कार्यशाळा. तेथें चौकटीवर ताणलेल्या बारीक जाळीच्या कापडांतून रंग दाबून छपाई करावयास शिकवितात. दारापुढें भोंकांचा छाप ठेवून रांगोळी झाडतात त्यांतलाच हा प्रकार. नको त्या ठिकाणचीं छिद्रें बुजवावयाचीं आणि हव्या त्या ठिकाणीं रंग खालीं उतरूं द्यावयाचा. प्रत्येक रंगास वेगळी चौकट लागते. दुसरी चौकट केसभर सरकली तरी तांबडा रंग काळ्या रेघेबाहेर डोकावतो आणि सारा कागद फुकट जातो. संगणकावर चूक झाली तर ती एका कळीनें पुसतां येते. येथें ती वाळेपर्यंत समोर दिसत राहते. मुलाच्या हातास जो धीर येतो तो अशा फुकट गेलेल्या कागदांतून येतो, असें आमचें मत आहे. आणि त्या कागदांचा खर्च पाहून पालकांनीं कपाळास आठ्या घालूं नयेत.

हें रंगाऱ्याचें काम आपल्या कुळास शोभत नाहीं, असें अजूनही कांहीं घरांत मनांतल्या मनांत म्हटलें जातें. अशांनीं देवघरांतील किंवा कपाटांतील एखादी जुनी निर्णयसागर प्रत काढून पाहावी. ज्या अक्षरांवरून आपल्या आजोबा-पणजोबांनीं अमरकोश आणि स्तोत्रें पाठ केलीं, तीं अक्षरें कोणा पंडितानें घडविलेलीं नाहींत. जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) हे मुंबईंत अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत लहान वयांत कामास लागले, खिळे ओतण्याची विद्या तेथें हातानें शिकले, १८६४ सालीं त्यांनीं स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला आणि १८६९ सालीं निर्णयसागर छापखाना. अक्षरांचे ठसे कापण्याचें काम राणूजी रावजी आरू ह्यांचें. पोलादी कांबीच्या टोकावर उलटें अक्षर कोरावयाचें, तें तांब्यांत ठोकून साचा करावयाचा, आणि त्यांत शिशाचा रस ओतून खिळा पाडावयाचा. रोमन लिपीस सव्वीस अक्षरांवर फारतर त्यांचीं मोठीं रूपें आणि कांहीं चिन्हें पुरतात. देवनागरींत जोडाक्षरें, मात्रा, उकार, रफार धरून खिळ्यांची संख्या शेंकडोंवर जाते. ती कमी करण्याचा खटाटोप लोकमान्य टिळकांनींही केला. आणि सावरकरांच्या पद्धतीचा ‘अि’ व ‘अु’ किर्लोस्कर मासिकांतून वाचल्याचें जुन्या घरांतील वृद्धांस आठवत असेल. लिपीची सोय पाहणें हें आपल्या थोरांस हलकें काम वाटलें नव्हतें.

शाळेंत ही विद्या यावयास मात्र बराच काळ लागला. मुंबईची सर ज. जी. कलाशाळा १८५७ सालची. परंतु व्यावसायिक चित्रकलेचा स्वतंत्र विभाग तेथें १९३५ सालीं निघाला. त्याची धुरा व्ही. एन. आडारकर ह्यांनीं वाहिली, आणि १९६१ सालीं त्याचीच निराळी उपयोजित कलासंस्था झाली. पवईच्या आय. आय. टी.मध्यें १९६९ सालीं औद्योगिक अभिकल्प केंद्र निघालें.

ह्या दोन्ही ठिकाणांस जोडणारें नांव म्हणजे रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८), ज्यांस सारे आर. के. म्हणत. कलाशाळेंत शिकून त्यांनीं अनेक वर्षें जाहिरातसंस्थेंत काम केलें, मग पवईस प्राध्यापकी पत्करली. आपण कोणत्याही सरकारी कचेरींतून आलेलें मराठी पत्र उघडलें तर त्यांतलें वळण पुष्कळदां ‘मंगल’ असतें; तें त्यांनींच मायक्रोसॉफ्टसाठीं सिद्ध केलें. बोरू हातांत घेऊन ज्यानें हजारों पानें लिहिलीं त्याच्याच हातून संगणकाची लिपी सुटली, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. विद्यार्थ्यांस घेऊन सामूहिक अक्षरलेखनाचे प्रयोग करणारा आणि स्वतः कविता लिहिणारा हा माणूस यंत्राला भ्याला नाहीं, आणि यंत्रापुढें त्यानें हातही टेकले नाहींत. मुंबईच्या ‘एक टाइप’ ह्या मंडळीचीं ‘मुक्ता’, ‘बलू’ हीं वळणें कोणासही विनामूल्य वापरतां येतात; तीं ह्याच वाटेवरचीं.

बेंबळीच्या विद्यार्थ्यास मुंबईच्या मुलापेक्षां एक धन अधिक आहे, आणि तें त्यास ठाऊक नसण्याचा संभव आहे. हा मुलूख सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानांत होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू. १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणही उर्दूंतून. त्यामुळें ह्या भागांतील जुन्या घराच्या माळ्यावरील पेटींत तीन लिप्या एकत्र सांपडूं शकतात. पणजोबांचे जमाखर्च मोडींत, सरकारी कागद उर्दूंत, पोथ्या देवनागरींत. मोडींत आधीं पानभर शिरोरेषा ओढून घेतात आणि मग कलम शक्य तों न उचलतां खालीं अक्षरें ओवीत जातात. उर्दूच्या नस्तालीक वळणांत शिरोरेषाच नाहीं. शब्द उजवीकडून उतरत्या पायरीनें खालीं येतो. एकाच घराच्या तीन पिढ्यांचे हात असे तीन तऱ्हांनीं वळलेले! अशा कागदांवरून केलेला प्रकल्प कोणत्याही परीक्षकास थांबवून ठेवील. अच्युत पालव ह्यांनीं कलाशाळेंतून बाहेर पडल्यावर मोडीचाच अभ्यास हातीं घेतला, तिच्या गतीवरून स्वतःचें वळण बसविलें, आणि २०२५ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. वाळवी लागली म्हणून त्या पेट्या बंबांत घालूं नयेत, एवढी विनंती आम्ही घरच्या मंडळीस करूं.

पोटापाण्याचा प्रश्न राहिला, आणि तो टाळतां येणार नाहीं. पहिलीं दोनचार वर्षें मिळकत बेताची असते. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, निवडणुकींचीं पत्रकें अशीं कामें करीतच पुष्कळांस वर यावें लागतें. शिवाय सांगितल्याबरोबर चित्र काढून देणारा संगणक आतां आला आहे. त्यास मराठी अक्षरें घालावयास सांगितलीं तर अजूनही पुष्कळदां तो मात्रा भलत्याच अक्षरावर ठेवतो आणि जोडाक्षर मोडून टाकतो. पण ही उणीव फार दिवस टिकेल असें समजून कोणीं स्वस्थ बसूं नये. औषधाच्या बाटलीवरील मात्रा वृद्धास वाचतां येते कीं नाहीं, हें मात्र त्या वृद्धासमोर बाटली धरूनच समजतें. विद्यार्थ्यास तेंच करावयास लावतात: कागद भिंतीस टांचावयाचा, दोनदोन पावलें मागें सरावयाचें, आणि अक्षर कोठें फुटतें तेथें खूण करावयाची. घरीं सुटीस आलेल्या मुलानें मोतीबिंदू झालेल्या आजीस अंगणांत उभें करून “आजी, हें वाच पाहूं” म्हटलें तर तो अभ्यासच करीत आहे असें समजावें.

पाठवावयाचें ठरल्यास तयारी शाळेपासून असलेली बरी. एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या शासकीय परीक्षा द्याव्या. बारावीनंतर पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यासाठीं प्रवेशपरीक्षा असते. तींत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि कलाविषयक सामान्य ज्ञान पाहतात. मुंबईखेरीज छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथेंही शासकीय कलामहाविद्यालयें आहेत, आणि बेंबळीच्या घरास संभाजीनगर अधिक जवळचें. वसतिगृहाची चौकशी प्रवेशाच्या आधींच करावी, आणि मुलगी जाणार असल्यास वडिलांनीं किंवा काकांनीं एकदां तेथें जाऊन कार्यशाळा डोळ्यांनीं पाहून यावी. तेथें हात रंगानें माखलेल्या मुली चौकटी उचलतांना दिसतील.