दिव्याहून वेण्णा तलावाकडे

थंड हवेच्या ठिकाणीं जावयाचें म्हणजे वळकट्या, ट्रंका, फराळाचे डबे आणि आधीं पत्र पाठवून ठरविलेली खोली, असा एके काळीं शिरस्ता होता. आतांच्या मुली पाठीवर एक भली मोठी पिशवी अडकवितात आणि निघतात. तींत अंथरुणापासून औषधापर्यंत सारें कांहीं मावतें व दोन्ही हात मोकळे राहतात, हा तिचा मोठाच गुण. घरांतील वडीलधाऱ्यांचा आक्षेप पिशवीला नसतोच. मुली एकट्या, मिळेल त्या मोटारीनें, घाटांतून जाणार, याला तो असतो. आणि हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं.

दिव्यास राहणाऱ्या आमच्या भाचीनें व तिच्या दोन मैत्रिणींनीं पौषांत महाबळेश्वरचा बेत काढला, तेव्हां आमच्याकडे हाच वाद झाला. "पुण्यावरून जा, नाहीं तर जाऊंच नका," असा सासूबाईंचा निकाल. पुणें, वाई, पसरणीचा घाट, पांचगणी हा रस्ता सोयीचा खरा. परंतु दिवेकरांस दुसरी एक वाट दारांतूनच फुटते. ठाण्याहून कल्याणपर्यंत आगगाडी १८५४ सालीं गेली, तिच्या मार्गावरचें हें गांव. पुढें येथून पनवेलचा फांटा निघाला. रोह्यापलीकडे कोंकण रेल्वे १९९३ त वीरपर्यंत व १९९८ त सबंध खुली झाली. तेव्हां दिव्यास पॅसेंजरमध्यें बसावें, वीरला उतरावें, आणि महाड, पोलादपूर, आंबेनळी घाट असें मोटारीनें वर चढावें. खर्च अगदींच थोडा, आणि मुली आपल्या पहिल्या पगारांतून जाणार होत्या. वडिलांपाशीं पैसे मागावयाचे नाहींत, हा त्यांचा हट्ट मला मनापासून आवडला. "मामी बरोबर जाणार असेल तर जा," असें सासूबाई अखेर म्हणाल्या.

आगगाडीविषयीं लिहिण्यासारखें फारसें नाहीं. गर्दी होती, पण दिव्याचा माणूस गर्दीला भीत नाहीं.

खरी परीक्षा पोलादपुराहून पुढें. हें गांव समुद्रसपाटीपासून फारसें उंच नाहीं, आणि महाबळेश्वर सुमारें साडेचार हजार फूट उंचीवर. एवढी सारी चढण चाळीसेक किलोमीटरांत चढावयाची! आम्हांस मिळाल्या त्या मागच्या चाकांवरच्या जागा. गुडघे समोरच्या बांकाला टेकलेले, मांडीवर त्या थोर पिशव्या, खिडकी अर्धीच उघडणारी आणि डिझेलचा वास. प्रत्येक वळणावर उजवीकडची माणसें डावीकडे व डावीकडचीं उजवीकडे. पहिल्या अर्ध्या तासांतच एका लहानग्यानें ओकारी केली. त्याच्या आईनें बिचारीनें सर्वांकडे अपराधी नजरेनें पाहिलें. इतका वेळ मोबाईलवर वाचीत बसलेली आमची भाचीही पांढरीफटक पडली.

मोटार लागते ती कां, हें ठाऊक असणें उपयोगी आहे. आपल्या कानाच्या आंतल्या भागांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. शरीर वळलें, हेलावलें कीं त्याची वर्दी त्या मेंदूस देतात. डोळे मात्र पुस्तकावर खिळलेले असले तर "सर्व स्थिर आहे" अशी साक्ष देतात. या दोन साक्षींचा मेळ बसत नाहीं आणि पोट ढवळूं लागतें. मोटार हांकणाऱ्यास हा त्रास सहसा होत नाहीं. वळण कोठें येणार तें त्याला आधींच दिसतें. म्हणून पुढें बसावें, लांबवर पाहावें, वाचूं नये, निघण्यापूर्वीं हलकेंच खावें, आणि डॉक्टरांनीं गोळी दिली असेल तर ती आधींच घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाहीं. पुढच्या बांकावरील एका म्हाताऱ्या गृहस्थांनीं न मागतां आपली जागा दिली. "ये पोरी, इथं बस," एवढेंच म्हणाले. वाडा कुंभरोशीपाशीं प्रतापगडाकडे रस्ता फुटतो, तेथपर्यंत भाची गड कोठें दिसतो तें विचारूं लागली होती!

सासूबाईंची धास्ती मात्र ओकारीची नव्हती. हा रस्ता ज्या सावित्री नदीच्या खोऱ्यांतून चढतो, तिच्यावरील महाडजवळचा जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुरांत कोसळला आणि दोन एस. टी. गाड्या उतारूंसह वाहून गेल्या. २८ जुलै २०१८ रोजीं दापोलीच्या कृषि विद्यापीठांतील मंडळींची सहलीची मोटार याच आंबेनळी घाटांत दरींत पडली. एक गृहस्थ तेवढे वांचले. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीनें तर घाटरस्ता ठिकठिकाणीं तुटला. तिन्ही गोष्टी ऐन पावसाळ्यांतल्या, हें ध्यानांत घ्यावें. महाबळेश्वरास वर्षाला दोनशें इंचांहून अधिक पाऊस पडतो, तो याच डोंगरउतारांवरून खालीं धांवतो. मुलींनीं जावें, पण आषाढ-श्रावणांत या वाटेनें जाऊं नये, मुलग्यांनींही जाऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

वर पोहोंचलों तेव्हां ऊन कललें होतें. इंग्रज गव्हर्नर माल्कम यानें १८२८ च्या सुमारास हें ठिकाण आरोग्यस्थान म्हणून वसविलें. वेण्णा तलाव मात्र सातारच्या आप्पासाहेब महाराजांनीं १८४२ सालीं बांधविला. म्हणजे तो निसर्गदत्त नव्हे. तरी सांजवेळीं त्यावर धुकें उतरूं लागलें कीं ही गोष्ट आठवत नाहीं. कांठावर घोडीं, भाजलेलीं कणसें, स्ट्रॉबेरीच्या टोपल्या आणि पुष्कळ गलका. मुलींनीं खांद्यावरच्या पिशव्या उतरवून एक होडी ठरविली, भावावरून घासाघीसही त्यांनींच केली. मी कांठावर पिशव्या राखीत बसलें आणि सासूबाईंना फोन लावला. त्यांनीं पहिला प्रश्न केला तो, "पोर जेवली का?" दुसरा, तळें केवढें आहे हा, आणि मग बराच वेळ थांबून, पांचगणीकडून येणारी मोटार साठीपुढच्या माणसाला झेपते का, हा.