बायपासनंतर अम्मीला सावरायला जास्त वेळ का लागतो?

बायपास झालेले अब्बा दीड महिन्यात चालत मशिदीत जायला लागतात. तेच ऑपरेशन झालेली अम्मी मात्र दोन महिन्यांनीही थकलेली दिसते. मग पाहुणे म्हणतात, "बायकांना दुखणं सोसत नाही." असं बोलणं सरळ अन्याय आहे.

बाईला हृदयविकार पुरुषापेक्षा साधारण 7 ते 10 वर्षं उशिरा होतो. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी तिचं वय जास्त असतं, सोबत डायबेटिस आणि बीपीही बऱ्याचदा असतो. छातीत दुखणं तिलाही होतं, पण त्याबरोबर धाप, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं जास्त आढळतं. घरात त्याला 'गॅस झालाय' म्हणतात आणि उशीर होतो. तिच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, त्यामुळे जोडकामही नाजूक. हिमोग्लोबिन आधीच कमी असेल तर अशक्तपणा लवकर जात नाही.

ऑपरेशनसाठी छातीचं मधलं हाड कापून नंतर तारेने बांधतात. ते जुळायला 6 ते 8 आठवडे लागतात, पक्कं व्हायला सुमारे 3 महिने. स्तनांच्या वजनाने जखमेवर ताण येतो, हे लाजेपोटी कोणी बोलत नाही. पुढून उघडणारी, आधार देणारी ब्रा कधीपासून घालायची, हे नर्सला बिनधास्त विचारा.

आणि घरकाम! पहिले काही आठवडे 4-5 किलोपेक्षा जास्त उचलायचं नसतं. 15 लिटरची भरलेली बादलीच 15 किलोची होते. कणीक मळणं, नातवंडाला कडेवर घेणं, हे सगळं छातीवर येतं. सज्द्यातून हातांवर जोर देऊन उठतानाही तेच होतं, म्हणून तोवर नमाज खुर्चीवर. पुरुषाला आराम सांगितला की घर त्याला आराम देतं. बाई मात्र पडल्या पडल्या विचारते, भाजी कोण करणार?

मोठ्या हॉस्पिटलांत ऑपरेशननंतर देखरेखीखाली व्यायाम शिकवतात. त्याला बायका पुरुषांपेक्षा कमी जातात, कारण बऱ्याचदा न्यायला कोणी नसतं. मुलांनी पाळी लावून न्यावं. झोप उडणं, उगीच रडू येणं हेही डॉक्टरांना सांगा. त्यावर इलाज आहे.

जखम लाल झाली, पू आला, ताप चढला, हाड 'कट्‌कट्' वाजलं किंवा दम वाढला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.