मंडळीचे संकेतस्थळ : बोस्टनसाठी की नगरसाठी?

आमच्या तालुक्यातील एका ख्रिस्ती मंडळीने गेल्या वर्षी स्वतःचे संकेतस्थळ काढावयाचे ठरविले, आणि मराठी टंकलेखन बऱ्यापैकी येते एवढ्या भांडवलावर मला त्या कामात ओढण्यात आले. मंडळी म्हणजे एका देवळाशी बांधलेला उपासकांचा समुदाय. आमच्याकडे हाच शब्द रूढ आहे व मी स्वतः त्याच मंडळीतला आहे. संकेतस्थळ कसे बांधावे ह्याचे तांत्रिक ज्ञान आता कोणालाही घरबसल्या मिळते, तेव्हा त्यावर नियतकालिकाची पाने खर्च करण्यात अर्थ नाही. ते कोणासाठी बांधावयाचे, हा प्रश्न मात्र आम्हांला कित्येक महिने पुरला. त्याचे उत्तर शोधताना जुन्या काळच्या दोन मासिकांचा मला अनपेक्षित उपयोग झाला, म्हणून आधी त्यांच्याविषयी सांगतो.

अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ साली मिशनने अहमदनगर येथे आपले ठाणे घातले. (शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे, जुन्या काळाबद्दल लिहिताना मी जुनेच नाव ठेवतो.) ह्या मिशनला पैसा पुरविणारे मंडळ अमेरिकेत बोस्टन येथे होते. इकडून जहाजाने पत्रे व अहवाल जात आणि त्यांतील वेचे 'मिशनरी हेरल्ड' ह्या इंग्रजी मासिकात छापले जात. १८२१ पासून ते ह्या नावाने निघत असे. त्याचा वाचक होता दूर देशीचा वर्गणीदार. शाळा किती झाल्या, बाप्तिस्मे किती झाले, अडचणी कोणत्या, आणखी माणसे व पैसा का हवा, हे त्याला कळविणे हा त्या लिखाणाचा हेतू. त्यात वावगे काही नाही. ज्याचा पैसा त्याला हिशेब दिलाच पाहिजे. शिवाय त्या काळच्या नगर जिल्ह्याची जी माहिती तेथे सापडते ती दुसरीकडे सहसा सापडत नाही. परंतु त्या पानांवर आमचा माणूस भेटतो तो बहुधा 'त्याच्याविषयी' लिहिलेल्या मजकुरात. तो स्वतः बोलताना क्वचितच ऐकू येतो.

दुसरे मासिक 'ज्ञानोदय'. हे १८४२ साली नगरलाच निघाले, आणि मराठीत निघाले. काढणारे तेच मिशनरी, पण वाचक बदलला व वाचक बदलताच मजकूरही बदलला. धर्मप्रचार त्यात होताच. हिंदू धर्मावरची त्यातील टीका इतकी झोंबणारी आहे की आज ती वाचताना मलाही अवघडल्यासारखे होते. पण त्याच अंकांतून भूगोल, खगोल, यंत्रे, देशोदेशीच्या बातम्या असे नाना विषय आले, कारण येथल्या वाचकाला ते जाणून घ्यावयाचे होते. आणि १८५५ साली ह्याच 'ज्ञानोदया'त पुण्याच्या फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे ह्या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन भागांत छापून आला. आमच्यापैकी पुष्कळांनी तो मराठीच्या वर्गात वाचला असेल. विचार करा, हीच मुलगी बोस्टनच्या मासिकात आली असती तर काय झाले असते? शाळांच्या अहवालात एक ओळ, फार तर 'एका हुशार विद्यार्थिनीने निबंध वाचला' एवढा उल्लेख. 'ज्ञानोदया'ने तिचे शब्द तिच्या नावासह छापले म्हणून आज, दीडशेहून अधिक वर्षांनी, ते आपल्या हाती आहेत.

माझे म्हणणे एवढेच की आज कोणतीही मंडळी संकेतस्थळ काढते तेव्हा हीच दोन मासिके पुन्हा तिच्यासमोर उभी असतात, आणि बहुतेक जण नकळत पहिले निवडतात.

आमचेही तसेच होणार होते. एका व्यावसायिकाकडून नमुना मागविला. पहिल्या पानावर परदेशातील कुठल्या तरी डोंगरामागे मावळणारा सूर्य व त्यावर क्रूस. खाली इंग्रजीत स्वागत. मग 'आमची दृष्टी', 'आमचे ध्येय'. मग हसणाऱ्या मुलांची छायाचित्रे, जी आमच्या गावची नव्हतीच. आणि शेवटी देणगी द्या असे ठळक बटण. उपासनेची वेळ शोधावयास तीन ठिकाणी बोट लावावे लागत होते. पंचांपैकी एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "ह्यात आपलं काय आहे?" त्यांना इंग्रजी येत नाही म्हणून ते असे म्हणाले, असे कोणी समजू नये. त्यांचा प्रश्न अगदी नेमका होता.

मग आम्ही एक साधी युक्ती केली. पाळकसाहेबांना लोक दूरध्वनी करून किंवा वाटेत थांबवून काय काय विचारतात ते महिनाभर एका वहीत टिपून ठेवावयाचे. ही वही हाच पुढे आमच्या संकेतस्थळाचा आराखडा ठरला. त्यात काय होते पाहा. बाप्तिस्म्याचा दाखला कसा मिळेल, कोणते कागद आणावेत. लग्नाची नोटीस किती दिवस आधी द्यावी. (ख्रिस्ती विवाह १८७२ च्या कायद्याखाली होतात आणि नोटिशीची अट त्यातच आहे, पण तो कायदा मराठीत सोपा करून कोणी सांगितलेला आमच्या लोकांना ठाऊक नाही.) मुंबईहून मयत आणणार आहोत, दफनभूमीची किल्ली कोणाकडे. अमुक भजनाचे तिसरे कडवे काय. नाताळची फेरी आमच्या वस्तीवर कोणत्या रात्री. आजोबा मिशनच्या बोर्डिंगात शिकले, त्यांचे नाव कोठे सापडेल. महिन्याभरात 'आपले ध्येय काय' असे मात्र कोणीही विचारले नाही.

ह्या प्रश्नांची उत्तरे मराठीत, थोडक्यात व मोठ्या अक्षरांत लिहावयाची, एवढेच मग काम उरले. पण 'एवढेच' म्हणताना अक्षरांचा प्रश्न आला, आणि त्याचीही मिशनच्या इतिहासात एक गंमत आहे. मुंबईतील अमेरिकन मिशन प्रेसने देवनागरीचे खिळे सुधारण्यासाठी मोठी खटपट केली. निर्णयसागरचे संस्थापक जावजी दादाजी लहानपणी ह्याच छापखान्यात कामाला होते. खिळा सुबक व लहान झाला तर पान कमी लागते, पान कमी लागले तर पुस्तक स्वस्त होते, स्वस्त झाले तर गरिबाच्या घरात जाते, असा तो सरळ हिशेब होता. आजचा खिळा म्हणजे युनिकोड. मंडळीच्या गेल्या वीस वर्षांच्या पत्रिका, स्मरणिका व भजनांच्या पुस्तिका आमच्याकडे संगणकावर होत्या, पण साऱ्या जुन्या टंकांत. तो टंक ज्या यंत्रावर नाही तेथे 'येशू' लिहिलेल्या जागी निरर्थक इंग्रजी चिन्हांची ओळ दिसते. दुसरी सवय म्हणजे मजकुराचे चित्र करून भ्रमणध्वनीवर पाठविणे. चित्र डोळ्यांना दिसते, परंतु शोधयंत्राला त्यातले अक्षर वाचता येईलच ह्याची खात्री नसते, आणि पुढच्या महिन्यात ते चित्र कोणालाच सापडत नाही. भजनाच्या एका ओळीवरून पूर्ण भजन सापडावे असे वाटत असेल तर मजकूर युनिकोडमध्ये आणणे भाग आहे. जुन्या टंकाचे रूपांतर करणारी साधने मिळतात. पण जोडाक्षरे व रफार बिघडतात, ते डोळ्यांनी तपासूनच सुधारावे लागतात. आमच्या युवक संघाचे चार जण दिवाळीच्या सुटीत हेच करीत बसले होते. ज्या भजनांचे हक्क दुसऱ्या कोणाकडे आहेत ती अर्थात आम्ही घेतली नाहीत.

नावांचेही असेच. जुन्या इंग्रजी कागदांत नगरचे स्पेलिंग 'अहमदनुग्गुर' असे आढळते. शिकागोत किंवा मुंबईत बसून पणजोबांचा शोध घेणारा माणूस कोणत्या नावाने शोधील हे सांगता येत नाही. म्हणून गावांच्या पानावर आम्ही आजचे नाव, बोलीतले नाव आणि जुन्या कागदांतले नाव अशी तिन्ही दिली. बोस्टनच्या त्या मंडळाची कागदपत्रे आज हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत, तर 'मिशनरी हेरल्ड'चे पुष्कळ जुने अंक महाजालावर कोणालाही फुकट वाचता येतात. ही माहिती दोन वाक्यांत पानावर घातली. आपल्याविषयी जे लिहिले गेले ते आपल्या लोकांना निदान कोठे आहे ते तरी कळावे.

येथे सर्वांत अवघड गोष्टीकडे येतो. मंडळीच्या कपाटात बाप्तिस्मा, विवाह व दफन ह्यांच्या जुन्या नोंदवह्या आहेत. कागद पिवळा पडून कडा झडू लागल्या आहेत. त्या सगळ्या छायाचित्रे काढून संकेतस्थळावर टाकाव्यात असे तरुणांचे म्हणणे होते, आणि इतिहासाचा विद्यार्थी ह्या नात्याने मलाही तो मोह झाला. परंतु त्या वह्यांतील रकान्यांत नावे आहेत, आईबापांची नावे आहेत, गाव आहे, आणि काही ठिकाणी पूर्वीची जातही आहे. अनुसूचित जातींविषयीचा १९५० चा आदेश आपणांस ठाऊक आहे. त्याखालील हक्क आज हिंदूंना, १९५६ पासून शीखांना आणि १९९० पासून बौद्धांना आहेत; ख्रिस्ती झालेल्याला नाहीत. एकाच घरातला एक भाऊ मंडळीत व दुसरा नाही, आजोबांचा बाप्तिस्मा झाला पण नातवाचा नाही, अशी घरे असतात. ज्यांना हे उघड करावयाचे नाही त्यांना न विचारता ते जगापुढे मांडण्याचा अधिकार मंडळीला कोणी दिला? गावात धर्मावरून वातावरण केव्हा तापेल ह्याचाही नेम नसतो. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे. पण कायदा नसता तरी माझे मत हेच राहिले असते. पुष्कळ चर्चेनंतर ठरले ते असे : वह्यांची छायाचित्रे काढावयाची, दोन प्रती दोन ठिकाणी कुलुपात ठेवावयाच्या, आणि संकेतस्थळावर फक्त कोणत्या वर्षांच्या वह्या आहेत तेवढे सांगावयाचे. आपल्या घराण्याची नोंद हवी असेल त्याने पाळकांकडे यावे. बालकांची छायाचित्रे आईबापांच्या संमतीवाचून घालावयाची नाहीत, हेही तेव्हाच लिहून घेतले.

देणगीच्या बटणाबद्दल मतभेद शेवटपर्यंत राहिले. देवळाचे छप्पर गळते, पैसा लागतो, हे खरेच आहे. अखेर हिशेबाचे एक पान मराठीत करावे व देणगीची सूचना त्याच पानाच्या तळाशी असावी असे ठरले. ज्याला द्यावयाचे आहे त्याने आधी हिशेब वाचावा.

पाने तयार झाल्यावर ती मी आईच्या हातात दिली. आई चौथीपर्यंत शिकलेली आहे, आमच्या घरातून महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. तिला मी काहीही समजावून सांगितले नाही. दफनभूमीची किल्ली कोणाकडे ते शोध, एवढेच म्हटले. ती ज्या ज्या ठिकाणी अडली ते ते शब्द आम्ही बदलले. 'संपर्क' ऐवजी 'कोणाला विचारावे', 'मुख्यपृष्ठ' ऐवजी 'पहिले पान'. भारी चित्रे काढून टाकली, कारण वस्तीवर जाळे कमी मिळते व पान उघडेपर्यंत तिचा धीर सुटत होता. शुद्ध मराठीचा आग्रह धरणाऱ्या प्राध्यापकांनी ह्याबद्दल क्षमा करावी.

संकेतस्थळाच्या नावाची नोंदणी आणि सांकेतिक शब्द कोणाकडे असावेत ही बाब क्षुल्लक वाटते, पण एका उत्साही तरुणाने सर्व काही स्वतःच्या नावावर केले, तो नोकरीनिमित्त पुण्याला गेला आणि पान बंद पडले, असे शेजारच्या एका मंडळीत घडलेले आम्ही पाहिले होते. आमच्याकडे नोंदणी मंडळीच्या नावावर आहे, सांकेतिक शब्द बंद पाकिटात पंचांच्या तिजोरीत आहे, आणि नूतनीकरणाची तारीख वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत घातली आहे.

सध्या चालू असलेले काम म्हणजे म्हाताऱ्या बायांची गाणी. जात्यावरच्या ओवीच्या चालीवर ख्रिस्तजन्माची गाणी म्हणणाऱ्या काही आजी आमच्या वस्त्यांवर आहेत. ती गाणी छापील पुस्तकात कोठेही नाहीत. भ्रमणध्वनीवर ती ध्वनिमुद्रित करून, शब्द उतरवून, गाणारीचे नाव व गाव खाली लिहावयाचे असे ठरले आहे. एका आजींनी गाणे म्हटले, पण नाव घालू नका म्हणाल्या, मुलाला आवडणार नाही. आम्ही त्यांचे गाणे घातले आणि नावाची जागा मोकळी ठेवली आहे.