हातांतील संगणकावर लिनक्स : बसविल्यानंतरच्या अडचणी

लिनक्स या संगणक-प्रणालीचा आरंभ १९९१ सालीं फिनलंडमध्यें लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें केला. पुढें जगभरच्या हजारों जाणत्यांनीं ती वाढविली. ती कोणासहि विनामूल्य घेतां येते, उघडून तपासतां येते आणि आपल्या गरजेप्रमाणें बदलतां येते. मेजावरच्या मोठ्या यंत्राप्रमाणेंच तळहातावर मावणाऱ्या संगणकावरहि ती चालते. त्यामुळें कारखान्यानें ज्याची काळजी वाहणें सोडून दिलें आहे असा जुना टॅब्लेट किंवा फोन आणखी कांहीं वर्षें कामास येऊं शकतो. अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत शिकणारीं मुलें ज्या घरांत आहेत, तेथें असा एखादा संगणक कपाटांत पडून असणें नवलाचें नाहीं.

प्रणाली बसविण्याची कृति बहुधा एका बैठकींत उरकते. खरी परीक्षा त्यानंतर होते. पडदा काळाच राहतो. बोट एका कोपऱ्यांत टेकवावें तर बाण दुसऱ्याच कोपऱ्यांत धांवतो. वाय-फायचें चिन्ह दिसत नाहीं. मराठी अक्षरांच्या जागीं चौकोन उमटतात. अशा वेळीं मनुष्य घाईनें प्रणाली पुन्हां पुन्हां बसवूं लागतो, नाहीं तर यंत्र निकामी समजून भंगारांत काढतो. वस्तुतः यांतील पुष्कळशा अडचणींचें मूळ एकच असतें : प्रणालीची आणि यंत्राच्या भागांची ओळख अपुरी राहिलेली असते.

ही ओळख अपुरी कां राहते, हें एका भारतीय उदाहरणावरून समजेल. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील कांहीं प्राध्यापक व एन्कोर कंपनीचे अभियंते यांनीं १९९९ सालीं सिंप्यूटर ट्रस्ट स्थापन केला. स्वस्त, सोपा आणि देशी भाषांतून बोलूं शकणारा असा हातांतील संगणक त्यांनीं लिनक्सवर उभारला. २००४ सालीं तो ‘अमिडा’ या नांवानें बाजारांत आला. खप बेताचाच झाला. पण त्याच्या कर्त्यांना त्यांतील प्रत्येक भाग ठाऊक होता, आणि प्रणाली व यंत्र हीं दोन्हीं एकमेकांसाठीं घडविलेलीं होतीं. घरीं बसून जुन्या टॅब्लेटवर लिनक्स घालणाऱ्याची स्थिति याच्या उलट असते. त्याच्या हातांतलें यंत्र दुसऱ्याच प्रणालीसाठीं बनलेलें असतें, आणि सिंप्यूटरच्या कर्त्यांनीं केलेलें जुळवणीचें काम आतां त्याच्याकडे येतें.

मेजावरच्या संगणकांतील बहुतेक भाग विचारल्यावर स्वतः आपलें नांव सांगतात. हातांतील संगणकाचे अनेक भाग मात्र मुके असतात. पडदा, स्पर्शपटल, बॅटरीवर देखरेख करणारी चकती हे भाग पाटीवर कोठें व कोणत्या तारांनीं जोडले आहेत, याची यादी प्रणालीच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, आगाऊ द्यावी लागते. एकाच नांवानें विकलेल्या दोन टॅब्लेटांच्या आंतील पाट्या पुष्कळदां वेगळ्या असतात. एकाची यादी दुसऱ्याला दिली, तर यंत्र अर्धवट चालतें. म्हणून पाठीवर छापलेला नमुना-क्रमांक शेवटच्या अक्षरापर्यंत ताडून पाहणें, ही तपासाची पहिली पायरी होय.

पुढचा तपास खालून वर न्यावा. आधीं वीज, मग यंत्र जागें करणारा बूटलोडर, मग कर्नल, मग प्रत्येक भागाचा ड्रायव्हर, आणि सर्वांत शेवटीं पडद्यावरील खिडक्या व अक्षरें. खालची पायरी पक्की झाल्यावांचून वरची दुरुस्त करणें व्यर्थ आहे. एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपून ठेवावा. दोन बदल एकदम केले, तर गुण कोणाचा आणि दोष कोणाचा हें कळत नाहीं. शिवाय कर्नल स्वतःच आपली रोजनिशी लिहीत असतें. ‘डीमेसग’ ही आज्ञा दिली कीं ती पडद्यावर येते, आणि कोणता भाग सांपडला, कोणता सांपडला नाहीं, हें ओळीओळीनें सांगते.

पडदा काळा राहिला म्हणजे यंत्र मेलें असें नव्हे. बरेच दिवस पडून राहिलेल्या यंत्राची बॅटरी अगदीं तळाला गेलेली असते. तें योग्य चार्जरवर तास-दोन तास ठेवून मगच निर्णय करावा. कारखान्याचें चिन्ह दिसून नंतर अंधार झाला, तर यंत्र तारेनें दुसऱ्या संगणकास जोडावें. जुन्या फोनांसाठीं २०१७ सालापासून तयार होत असलेली पोस्टमार्केटओएस ही लिनक्सची आवृत्ति अशा वेळीं सामान्यतः १७२.१६.४२.१ या पत्त्यावर उत्तर देते. उत्तर आलें, तर कर्नल जागें असून दोष केवळ पडद्याच्या ड्रायव्हरांत आहे, असें ठरतें. रास्पबेरी पायसारख्या लहान पाटीला पडदा व बॅटरी जोडून विद्यार्थी जो संगणक करतात, त्यांत प्रणाली कार्डावर असते. तेथें आधीं उतरवून घेतलेल्या फाइलीचा ताळा पाहावा. प्रकाशकानें दिलेला ताळ्याचा आंकडा आणि आपण काढलेला आंकडा जुळत नसेल, तर फाइल वाटेंत अपुरी राहिली किंवा बिघडली आहे, असें समजावें.

स्पर्शाचा दोष ओळखण्यास चार कोपरे पुरेसे आहेत. प्रत्येक कोपऱ्यावर बोट टेकवून बाण कोठें जातो तें टिपावें. डावें-उजवें उलटलें असेल किंवा उभ्याचें आडवें झालें असेल, तर पडद्याचें चित्र फिरविलें गेलें, पण स्पर्शपटलाला त्याची वार्ता नाहीं. चित्र फिरविणारी आणि स्पर्शाची दिशा ठरविणारी व्यवस्था निराळी असल्यानें दोन्हींकडे बदल करावा लागतो. बाण बोटभर अंतरावर पडत असेल, तर केवळ मोजणी पुन्हां करावी. बाण मुळींच हालत नसेल, तर मोजणीच्या मागें लागूं नये. भागच सांपडलेला नाहीं, आणि पुन्हां रोजनिशीकडे वळलें पाहिजे.

वाय-फायच्या बाबतींत रोजनिशींत ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा. वाय-फायच्या चकतीला चालू होतांना कारखान्यानें लिहिलेली एक लहान फाइल लागते. ती खुली नसल्यामुळें कांहीं लिनक्स-आवृत्त्या ती सोबत देत नाहींत. ती निराळी आणून ठेविली कीं काम होतें. रास्पबेरी पायवर आणखी एक अट असते : देश कोणता हें सांगितल्याशिवाय तिचें वाय-फाय बंद राहतें, कारण रेडिओलहरींचे नियम देशपरत्वें वेगळे आहेत. येथें भारताची ‘आयएन’ हीं अक्षरें निवडावीं.

वाय-फाय जोडलें, तरी सुरक्षित संकेतस्थळें उघडत नाहींत, असाहि प्रकार घडतो. तेव्हां तारीख पाहावी. रास्पबेरी पायच्या २०२३ सालच्या पांचव्या आवृत्तीपूर्वींच्या पाट्यांवर स्वतःचें घड्याळ नाहीं. वीज गेली कीं त्यांची वेळ मागेंच थांबते. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला आरंभाची तारीख असते. यंत्राची तारीख तिच्या मागें असली, तर खरें प्रमाणपत्रहि खोटें ठरतें. तारीख हातानें लावली कीं दोष नाहींसा होतो.

वऱ्हाडांत एक अडचण विशेष जाणवते, ती उष्णतेची. अकोल्याचा पारा मे महिन्यांत ४५ अंशांच्या वर जातो. रास्पबेरी पायच्या चौथ्या आवृत्तीचा प्रोसेसर सुमारें ८० अंशांवर आपला वेग आपणहून कमी करतो. खोलींत २५ अंश असतां त्याला तापण्यास ५५ अंशांचा अवकाश मिळतो. ४५ अंश असतां तोच अवकाश ३५ वर येतो. डिसेंबरांत सुरळीत चाललेलें यंत्र मे महिन्यांत रेंगाळूं लागलें, कीं मालक नव्या प्रणालीला दोष देतो. याची परीक्षा सोपी आहे. तेंच काम पहांटे आणि दुपारीं तीन वाजतां करून पाहावें व दोन्ही वेळचें तापमान टिपावें. दोष उष्णतेचा निघाला, तर बंद आवरण काढावें, धातूची पंखेरी किंवा लहान पंखा बसवावा. परंतु यंत्र कूलरच्या ओलसर झोतांत ठेवूं नये. वीज कमी पडल्यासहि असाच मंदपणा येतो. बारीक, लांब तारेंतून ५ व्होल्टचा दाब उतरून ४.६३ व्होल्टच्या खालीं गेला, कीं ही पाटी त्याची नोंद करते; तेथें तार बदलणें हाच उपाय. आणि जुन्या टॅब्लेटची पाठ फुगलेली दिसली, तर सर्व तपास तेथेंच थांबवावा. ती लिथियमची बॅटरी दाबूं नये, टोंचूं नये, चार्जहि करूं नये. जाणत्या कारागिराकडून ती काढवावी.

शेवटची पायरी अक्षरांची. अमरावती जिल्ह्यांतील रिद्धपूर येथें तेराव्या शतकांत लीळाचरित्र सिद्ध झालें. पुढें महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेविले. मजकूर मराठीच होता. पण विसाव्या शतकाच्या आरंभीं संशोधकांनीं त्या लिपीची किल्ली प्रसिद्ध करीपर्यंत बाहेरच्याला तो वाचतां येत नव्हता. पडद्यावरच्या चौकोनांची गोष्ट बरीचशी अशीच आहे. फाइलींतील मराठी शाबूत असते. यंत्राजवळ देवनागरीचा फाँट नसतो. नोटो किंवा लोहित हा फाँट बसविला कीं अक्षरें प्रकट होतात. सर्व मजकूर नीट असून ‘ॲप’ या शब्दांत तेवढा चौकोन येत असेल, तर फाँट जुना आहे. कारण ‘ॲ’ हें अक्षर युनिकोडच्या संहितेंत २००८ सालीं दाखल झालें. ‘ल’ आणि ‘श’ हीं हिंदी वळणाचीं दिसत असतील, तर भाषा हिंदीऐवजीं मराठी निवडून पाहावी. त्याच फाँटांत बहुधा दोन्ही वळणें असतात.

इतकें करूनहि कांहीं दोष उरतात. कॅमेरा, किंवा झोंपलेलें यंत्र पुन्हां जागें होणें, हीं कामें कारखान्यानें माहिती न दिल्यामुळें कांहीं नमुन्यांवर साधतच नाहींत. तेव्हां जाणकाराला विचारावें; पण विचारतांना नमुना-क्रमांक, प्रणालीची आवृत्ति, शेवटीं केलेला बदल आणि रोजनिशींतील त्या ओळी जशाच्या तशा द्याव्या. ‘चालत नाहीं’ एवढ्या शब्दांवर कोणताहि वैद्य औषध देऊं शकत नाहीं. आणि जें काम साधत नाहीं, त्यावांचून यंत्राचा उपयोग किती, याचा शांतपणें हिशेब करावा. कॅमेरा नसला तरी त्या टॅब्लेटवर ग्रंथ वाचतां येतो, टिपणें लिहितां येतात, गणितें सोडवितां येतात. आणि ज्या विद्यार्थ्यानें वही हातांत घेऊन यंत्र पायरी पायरीनें तपासलें, त्याला त्याच्या आंतल्या भागांचीहि चांगली ओळख झालेली असते. नवें यंत्र विकत आणणाऱ्यास ती आयती मिळत नाहीं.