वाढत्या अंगाची फळी चालत नाही

जून महिन्यात शाळेचा गणवेश घेताना आपल्याकडे बहुतेक घरांतून तो 'वाढत्या अंगाचा' घेतला जातो. बाह्या दोन बोटे लांब असल्या तरी बिघडत नाही, पुढच्या वर्षी बरोबर होतात. बुटांच्या बाबतीतही पुढे कापूस घालून वेळ निभावता येते. पण काही वस्तू अशा असतात, की त्यांचे माप चुकले तर त्या नुसत्या गैरसोयीच्या न राहता धोक्याच्या होतात. बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याची फळी, म्हणजे स्नोबोर्ड, ही त्यांपैकी एक. आपल्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोडे जण ती पायाखाली घेतील, हे खरे. परंतु तिचे माप ठरवताना दाब, तरफ, वाकणारी पट्टी आणि त्रिकोणमिती असे आठवी ते बारावीपर्यंतचे बरेच काही एकाच ठिकाणी वापरावे लागते. म्हणून आम्ही हा विषय निवडला आहे.

स्नोबोर्डचा इतिहास फार जुना नाही. १९६५ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या मस्कीगन गावी शर्मन पॉपेन या गृहस्थांनी आपल्या मुलींना खेळायला म्हणून दोन स्की एकमेकींना जोडल्या. त्या खेळण्याचे पुढे 'स्नर्फर' या नावाने उत्पादन झाले. १९९८ साली जपानमधील नागानो येथे हा खेळ ऑलिंपिकमध्ये दाखल झाला. आपल्याकडे काश्मीरमधील गुलमर्ग येथे तो शिकता येतो, आणि २०२० सालापासून तेथे होणाऱ्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांतही त्याचा समावेश आहे.

स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या असतात आणि पाय प्रवासाच्या दिशेने असतात. स्नोबोर्डवर मात्र एकाच फळीवर दोन्ही पाय बांधून जवळजवळ आडवे उभे राहायचे असते. म्हणजे फळीच्या एका कडेला बोटे आणि दुसऱ्या कडेला टाचा. हा फरक लक्षात ठेवावा, कारण पायाची लांबी आणि फळीची रुंदी यांचा संबंध त्यातूनच येतो.

आधी लांबी पाहू. जुना ठोकताळा असा, की फळी उभी धरली असता तिचे टोक हनुवटी आणि नाक यांच्या मधे यावे. भाड्याने फळ्या देणारे अजूनही पुष्कळदा एवढेच बघतात. पण फळीला तुमची उंची कशी कळणार? तिला कळते ते वजन. समजा, दोन माणसांची उंची १७० सें.मी. आहे, एकाचे वजन ५५ कि.ग्रॅ. आणि दुसऱ्याचे ८०. हनुवटीच्या नियमाने दोघांना एकच फळी मिळेल. वजनावर आधारलेल्या तक्त्यांप्रमाणे मात्र त्यांच्या फळ्यांत सुमारे १० सें.मी.चा फरक पडतो. उंचीचा नियम सरसकट टाकाऊ आहे असे नाही. सरासरी बांध्याच्या माणसाला तो चालतो. पण वर्गातल्या मुलांकडे एक नजर टाकली तर सरासरी बांध्याची किती निघतात, हे शिक्षकांना सांगायला नको.

वजन का महत्त्वाचे, याची दोन कारणे आहेत. पहिले दाबाचे. ६० कि.ग्रॅ. वजनाचा माणूस भुसभुशीत बर्फातून बुटांनी चालू लागला, की एका वेळी सारा भार एका तळव्यावर येतो. तळव्याचे क्षेत्रफळ २५० चौ. सें.मी. धरले तर दर चौ. सें.मी.ला २४० ग्रॅम भार पडतो आणि पाय रुततो. १५० सें.मी. लांब आणि सरासरी २७ सें.मी. रुंद फळीचे क्षेत्रफळ सुमारे ४,००० चौ. सें.मी. होते. तोच भार आता दर चौ. सें.मी.ला १५ ग्रॅम, म्हणजे सोळाव्या हिश्शावर येतो. माणूस जड असेल तर तरंगत राहण्यासाठी फळी मोठी हवी. ताज्या, खोल बर्फावर जाणारे नेहमीपेक्षा लांब फळी घेतात तेही याचसाठी.

दुसरे कारण जास्त मजेचे आहे. स्नोबोर्डच्या दोन्ही बाजू सरळ नसतात. मधे कंबर असते आणि टोकांकडे फळी रुंद होत जाते. बाजूची ही कड म्हणजे ७ ते ८ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा कंस असतो. हे पडताळून पाहता येते. बर्फाला टेकणाऱ्या कडेची लांबी ११५ सें.मी. आणि त्रिज्या ८ मीटर घेतली, तर कंसाची खोली ही लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, म्हणजे सुमारे २ सें.मी. येते. दोन बाजूंच्या मिळून ४. कंबर २५ सें.मी. असेल तर टोकांजवळची रुंदी २९ सें.मी. हवी, आणि प्रत्यक्ष फळ्यांची मापे साधारण अशीच असतात.

आता एका पुठ्ठ्याच्या पट्टीच्या दोन्ही बाजू अशाच आत वळवून कापा. ती टेबलावर तिरकी धरा आणि मधे दाबून सगळी कड टेबलाला टेकवा. पट्टी वाकते आणि कड टेबलावर एक कंस काढते. पट्टी जितकी जास्त तिरपी कराल तितका हा कंस आवळत जातो. मूळ त्रिज्येला तिरपेपणाच्या कोनाच्या कोसाइनने गुणले, की वळणाची त्रिज्या अंदाजे मिळते. ८ मीटरची फळी ६० अंशांत कलवली तर ती ४ मीटर त्रिज्येचे वळण घेईल. स्नोबोर्डला सुकाणू नाही. त्याचे वळणे होते ते असे.

पण यात एक अट आहे. फळी वाकली पाहिजे, आणि तिला वाकवणारे दुसरे कोणी नाही. वळणात फळीवर पडणारा स्वाराचा भारच ते काम करतो. येथे फूटपट्टीचा एक प्रयोग वर्गात जरूर करावा. प्लॅस्टिकची ३० सें.मी.ची पट्टी टेबलाच्या कडेबाहेर १० सें.मी. काढून घट्ट धरा आणि टोकाला एक लहान वजन टांगून ती किती झुकते ते मोजा. मग २० सें.मी. बाहेर काढून तेच वजन टांगा. झुकणे दुप्पट नाही, जवळजवळ आठपट होते, कारण ते लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. जाडीचे याच्या उलट: जाडी दुप्पट केली की पट्टी आठपट ताठ होते. त्यामुळे लांब फळी जाडीने तेवढीच ठेवली तर ती लिबलिबीत होईल. म्हणून कारखानदार लांब फळ्या मुळातच अधिक ताठ, जड माणसाच्या हिशेबाने बनवतात.

गणवेशाचा न्याय येथे लागू पडत नाही तो याच कारणाने. ६० कि.ग्रॅ. वजनाच्या माणसासाठी केलेल्या फळीवर ३० कि.ग्रॅ.चे मूल उभे केले तर ते तिला निम्मेच वाकवू शकते. कड बर्फात कंस धरत नाही. शिवाय लांब फळी फिरवणेही कठीण असते. एकसारख्या जाडीची आणि रुंदीची फळी दहा टक्क्यांनी लांब केली, तर मध्याभोवती फिरवण्याला तिचा होणारा विरोध सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढतो. मूल वळायला जाते, फळी सरळच जाते, आणि घाबरून ते हात टेकून पडते. नवशिक्या स्नोबोर्डस्वारांमध्ये मनगटाचे हाड मोडण्याचे प्रमाण मोठे असते, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रत्येक पडण्याचा दोष फळीचा नसतो, पण जे मूल फळी वळवूच शकत नाही त्याला 'तुला जमत नाही' असे म्हणणे अन्यायाचे आहे. 'पुढच्या हिवाळ्यात बरोबर होईल' म्हणून घेतलेली फळी या हिवाळ्यात शिकू देत नाही.

आता पायांकडे वळू. पाय आडवे असल्याने बुटांची टोके कडेबाहेर थोडी डोकावतात. किती डोकावलेली चालतील? पाय २७ सें.मी.चा असेल तर बूट बाहेरून साधारण ३० सें.मी. भरतो. तो १५ अंश फिरवून बांधला तर फळीच्या आडव्या दिशेने त्याची लांबी २९ सें.मी. उरते. पायाखाली फळीची रुंदी २६ सें.मी. असेल तर प्रत्येक बाजूला दीड सें.मी. बूट बाहेर राहील. समजा, बुटाचा तळ फळीच्या बुडापासून ३ सें.मी. उंच आहे. फळी कलत गेली की बूट बर्फाला कधी टेकेल? ज्या कोनाचा टॅन्जंट ३ भागिले १.५, म्हणजे २ आहे, त्या कोनाला. सुमारे ६३ अंशांना. एवढे कोणी नवशिका कलत नाही.

हीच फळी ३० सें.मी. पायाच्या माणसाला द्या. बूट ३३ सें.मी.चा, दोन्ही बाजूंना जवळजवळ ३ सें.मी. बाहेर. टॅन्जंट १, कोन ४५ अंश. भर वळणात बूट बर्फात खुपसतो, कड उचलली जाते आणि माणूस फेकला जातो. मऊ बर्फात कड रुतत असल्याने हे याहूनही आधी घडते. अशा पायांसाठी रुंद कंबरेच्या फळ्या मिळतात. २ सें.मी. अधिक रुंदी घेतली तर कोन ५६ अंशांवर जातो. आपल्याकडच्या दहा नंबरच्या बुटापासून पुढे रुंद फळीचा विचार सुरू करावा.

मग सर्वांनाच रुंद फळी का देऊ नये? कारण कड उचलण्यासाठी बोटांचा दाब कडेजवळ पडावा लागतो. बोटे कडेच्या ३ सें.मी. आतच संपली, तर सारे अंग पुढे झुकवूनच फळी कलते. स्त्रियांसाठीच्या फळ्या अरुंद आणि लवचीक असतात त्या या हिशेबाने. रंगाचा त्यात काही संबंध नाही. आणि लहान पायाच्या, हलक्या पुरुषालाही तीच फळी सोयीची पडेल, मग तिच्यावर फुले असोत की वाघ.

पाय मोजताना बुटाच्या नंबरावर विसंबू नये. ब्रिटिश पद्धतीत एक नंबर म्हणजे तिसरा हिस्सा इंच, युरोपीय पद्धतीत दोन तृतीयांश सेंटिमीटर, आणि प्रत्येकाचा आरंभ वेगळा. बर्फाच्या बुटांवर बहुधा 'मॉन्डोपॉइंट' माप असते, ते म्हणजे सरळ पायाची लांबी. भिंतीला टाच लावून कागदावर पूर्ण भार देऊन उभे राहावे, सर्वांत पुढच्या बोटाशी खूण करावी. ही बहुधा अंगठ्याची असते, पण काहींचे दुसरे बोट लांब असते. दोन्ही पाय मोजून मोठे माप धरावे. बूट घातल्यावर गुडघे वाकवले तर टाच वर उचलली जाता कामा नये. ती उचलली जात असेल तर जाड मोज्यांचे दोन जोड चढवून भागवू नये, अर्ध्या नंबराने लहान बूट मागावा.