रोहूचे आतडे आणि त्यातील जिवाणू : एक मागोवा

रोहू, कटला आणि मृगळ या तीन माशांवर भारतातील गोड्या पाण्याच्या मत्स्यसंवर्धनाची मदार गेली कित्येक दशके राहिली आहे. परंतु या तिघांनाही जठर नाही, ही गोष्ट त्यांना रोज खाद्य घालणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. जठर नाही म्हणजे जठरातले आम्ल नाही आणि प्रथिनांचा पहिला समाचार घेणारे पेप्सिनही नाही. घशातील दातांनी भरडला गेलेला घास सरळ आतड्यात उतरतो, आणि यकृताच्या आसपास विखुरलेल्या स्वादुपिंडातून येणाऱ्या ट्रिप्सिन, कायमोट्रिप्सिन आदी विकरांनी तेथेच त्याचा निकाल लावावा, एवढीच तजवीज निसर्गाने केलेली आहे. तळ्यातील प्लवंग, शेवाळ आणि कुजलेला पालापाचोळा खाऊन वाढणाऱ्या माशाला ती पुरेशी होती. प्रश्न उभा राहिला तो माणसाने त्याच्यापुढे पेंड ठेवली तेव्हा.

ती वेळ आली त्याला एक निश्चित तारीख आहे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी करून दाखवले, आणि तोवर नदीच्या पुरातून गोळा करावे लागणारे मत्स्यबीज माणसाच्या हुकमतीत आले. १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली आणि या विद्येचे रीतसर शिक्षण सुरू झाले. मत्स्यजिरे मुबलक झाले, तळ्यात सोडायच्या माशांची संख्या वाढली, आणि तळ्याचे नैसर्गिक अन्न अपुरे पडू लागताच शेंगदाण्याची वा मोहरीची पेंड आणि भाताचा कोंडा समभाग मिसळून घालण्याचा रिवाज सर्वत्र रूढ झाला; पुढे त्यात सोयाबीनच्या पेंडीची भर पडली. स्वस्त वनस्पतिजन्य प्रथिनांचा हा पुरवठा मत्स्यशेतकऱ्याला तारणारा ठरला. परंतु वनस्पतीचे बीज स्वसंरक्षणाची सामग्री बरोबर घेऊनच येते : सोयाबीनमध्ये ट्रिप्सिनला जखडून ठेवणारे घटक असतात, आणि ज्या माशाचा सारा भरवसाच ट्रिप्सिनवर, त्याला त्यांचा उपद्रव किती होत असेल याची कल्पना करता येते. उष्णतेने हे घटक नष्ट होतात; फायटिक आम्ल मात्र उष्णतेला सहजासहजी दाद देत नाही आणि प्रथिने व खनिजे दोन्ही बांधून ठेवते. पचनातून निसटलेले प्रथिन विष्ठेवाटे तळ्याच्या तळाशी जाते, कुजते आणि अमोनियाच्या रूपाने त्याच माशाच्या कल्ल्यांपाशी परत येते. प्रथिनात सुमारे १६ टक्के नत्र असते, हे लक्षात घेतले म्हणजे एका पोत्यातील अपचित प्रथिन पाण्याचे काय करते याचा हिशेब कोणालाही मांडता येईल.

या अडचणीवर जिवाणूंचा उपाय असू शकेल, हा विचार मत्स्यविद्येत फार उशिरा आला, आणि आला तोही भलत्याच वाटेने. दह्यातील जिवाणूंवर श्रद्धा असलेल्या मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळाले ते रोगप्रतिकारशक्तीवरील संशोधनाबद्दल. आतड्यातील हितकारक जिवाणूंविषयीचे त्यांचे प्रतिपादन त्यानंतर बराच काळ कुतूहलाचाच विषय राहिले. १९८६ साली जपानमध्ये कोझासा यांनी ‘बुरी’ नावाच्या समुद्री माशाच्या खाद्यात बॅसिलस जातीच्या जिवाणूचे बीजाणू मिसळले, आणि मत्स्यसंवर्धनातील प्रोबायोटिकचा आरंभ बहुधा तेथूनच मोजला जातो. १९८९ साली रॉय फुलर यांनी प्रोबायोटिकची जी व्याख्या केली ती गुराढोरांच्या आतड्यातील जिवाणूंचा समतोल डोळ्यांपुढे ठेवून. पण ज्याचे आतडे आणि ज्याचे तळे यांच्यामध्ये पाण्याखेरीज काही नाही, त्या माशाला ती अपुरी पडते, हे लवकरच ध्यानात आले, आणि २००० सालच्या सुमारास बेल्जियममधील संशोधकांनी सभोवतालचे पाणीही त्या व्याख्येत ओढून घेतले. या सर्व काळात मुख्य हेतू रोगनिवारणाचा होता. प्रतिजैविकांच्या बेसुमार वापराची भीती साऱ्या जगाला वाटू लागली होती, आणि कोळंबीच्या तळ्यांत विब्रिओ जिवाणूंनी मांडलेला उच्छाद ताजा होता. पचनाचा लाभ कोणी सांगितलाच तर तो आनुषंगिक म्हणून.

पचनालाच केंद्रस्थानी आणणारे काम ज्या ठिकाणी झाले, त्यांत माझ्या मते बंगालमधील शांतिनिकेतनला अग्रस्थान द्यायला हवे. तेथील विश्वभारतीच्या प्राणिशास्त्र विभागात अरुणकुमार राय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाहेरचा जिवाणू माशाला चारण्याऐवजी माशाच्या स्वतःच्या आतड्यात कोण राहते, हे आधी पाहिले. २००२ साली त्यांनी अनेक माशांच्या आतड्यांतून विकरे निर्माण करणारे जिवाणू वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले : कोणी प्रथिने तोडणारे, कोणी पिष्ट, कोणी तर तंतुमय सेल्युलोज. ज्या कामासाठी माशाजवळ स्वतःचे साधन अपुरे, ते साधन त्याच्या पोटातच मुक्कामाला होते. आणि मग या मंडळींनी जे केले ते मला फार सुज्ञपणाचे वाटते. या जिवाणूंनी माशाच्या आतड्यातच जाऊन काम करावे असा हट्ट न धरता त्यांनी खाद्यच आधी आंबवून घेतले. १९९९ मध्येच लॅक्टोबॅसिलसने आंबवलेली तिळाची पेंड रोहूच्या बोटुकल्यांना देऊन पाहिली गेली होती, आणि तीतील फायटिक आम्ल जवळजवळ नाहीसे झाल्याचे दिसले होते. आता सायप्रिनस (कॉमन कार्प) या माशाच्या आतड्यातील बॅसिलस घेऊन पाण्यावर तरंगणारी टिकलीएवढ्या पानांची लेम्ना आंबवली गेली, आणि त्यानंतर सुबाभळीचा पाला. तंतुमय भाग कमी झाला, टॅनिन घटले, सुबाभळीतले मिमोसिन हे विष उतरले, आणि मुक्त अमिनो आम्लांचे प्रमाण वाढले. नाचणीचे पीठ आंबवून आंबील करणाऱ्या घरांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या अनुभवाने ठाऊक आहे. येथे तिला तपशीलवार मोजमापाचा आधार मिळाला. ज्या माशाला जठर नाही त्याच्या पचनाचा पहिला टप्पा आतड्याच्या बाहेर, भांड्यातच उरकला गेला.

हे काम जितके गाजायला हवे होते तितके गाजले नाही, याची मला खंत वाटते. कारण त्याच वर्षांत बाजाराने दुसरी वाट धरली होती. बॅसिलसचे बीजाणू खाद्याच्या गोळ्या बनवतानाची उष्णता सोसतात, पाकिटात दीर्घकाळ टिकतात आणि विक्रीला सोयीचे असतात, तेव्हा पाकिटे निघणे क्रमप्राप्तच होते. युरोपात २००९ साली सामन माशांच्या वर्गासाठी आणि कोळंबीसाठी पेडिओकॉकस या जिवाणूला खाद्यपूरक म्हणून रीतसर परवाना मिळाला तो पुराव्यांची छाननी होऊन. सर्वच पाकिटांच्या मागे असे दफ्तर नसते. शिवाय पुराव्यातच एक जुनी खोच आहे. प्रोबायोटिक खाल्लेल्या माशाचे आतडे वाटून त्यातील प्रथिन-विघटनाची शक्ती मोजली तर ती अनेक प्रयोगांत वाढलेली दिसते. चीनमध्ये सायप्रिनस माशावर २००६ साली झालेल्या प्रयोगातही ती वाढलेली आढळली. पण वाटलेल्या आतड्यातील विकर जिवाणूचे की माशाचे, हे परीक्षानळीला सांगता येत नाही. प्रत्यक्ष किती प्रथिन पचले हे मोजायचे तर खाद्यात क्रोमिक ऑक्साइडसारखे न पचणारे द्रव्य मिसळून विष्ठेतील त्याच्या प्रमाणावरून गणित करावे लागते, आणि पाण्यात पडलेली विष्ठा तत्काळ विरघळू लागत असल्याने निष्कर्ष वाजवीपेक्षा अनुकूल येण्याचा धोका असतो. गाईच्या वा कोंबडीच्या अभ्यासकाला ही विवंचना नसते.

जिवाणू आणि मासा यांचा वाटा वेगळा करण्याचा मार्ग अखेर एका दुसऱ्या लहानग्या माशाने दाखवला, आणि तोही रोहूप्रमाणेच गंगेचा. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतील माशांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात रोहू, कटला आणि मृगळ यांच्याबरोबरच आज झेब्राफिश म्हणून प्रयोगशाळांना परिचित असलेल्या बोटभरही नसलेल्या माशाचे वर्णन आहे. त्यालाही जठर नाही. त्याची पिल्ले पूर्णतः निर्जंतुक वाढवता येतात, आणि अमेरिकेतील ओरेगॉन विद्यापीठात २००६ साली दिसून आले की अशा पिल्लांच्या आतड्याचा मागील भाग प्रथिनांचे मोठे रेणू आत ओढून घेतच नाही. जिवाणू पुन्हा सोडले म्हणजे ही क्षमता परत येते. म्हणजे जिवाणू केवळ प्रथिन तोडून देत नव्हते, ते आतड्याला घडवत होते. पुढे २०१९ साली ड्यूक विद्यापीठातील संशोधकांनी प्रथिने गिळंकृत करणाऱ्या त्या विशिष्ट पेशी नेमक्या दाखवून दिल्या. आणि अगदी अलीकडे त्याच विद्यापीठातून उलट दिशेचा निष्कर्ष आला : जिवाणूंच्या उपस्थितीत या पेशींचे प्रथिने ओढून घेण्याचे आणि ती पचवण्याचे काम मंदावते. या दोन निष्कर्षांमध्ये विरोध दिसतो, पण पिल्लाचे वय, वस्तीला असलेले जिवाणू आणि मोजण्याची रीत यांवर उत्तर बदलू शकते, एवढे तरी त्यातून कळते. मग एकाच पाकिटातील एकच जिवाणू मत्स्यजिऱ्यापासून विक्रीच्या माशापर्यंत, गोड्या तळ्यापासून खाऱ्या खाजणापर्यंत सारखाच गुण देईल, हे मानण्यास आधार कोणता? सोलापूर-नाशिककडच्या प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात तळाचा चिखल नसतो, म्हणून तेथील रोहूच्या आतड्यातील जिवाणू मातीच्या तळ्यातील रोहूपेक्षा वेगळे असण्याचा संभव मोठा आहे; शांतिनिकेतनच्या पद्धतीने आधी तेच वेगळे करून पाहावेत, आणि पेंड आंबवायची ती त्यांनीच.